नेम, निर्णय आणि टायमरची बीप



आज आपण नेमबाजीच्या स्पर्धांविषयी बोलणार आहोत. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाने पिस्तुलाच्या भानगडीत का पडावं, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. कारण साधं आहे. सरावाने माणूस नेमका कशासाठी तयार होतो, हा फार जुना प्रश्न आहे, आणि या विषयात तो अगदी उघडा पडतो. इथे उत्तर चुकलं तर कुणाचा तरी जीव जातो.

तपासायचा दावा असा : जो माणूस नेमबाजीच्या स्पर्धेत नियमित उतरतो, तो खऱ्या हल्ल्याच्या वेळी स्वतःचं रक्षण करायला तयार असतो. हा दावा मुख्यतः अमेरिकेतला आहे. घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा नागरिकाचा हक्क आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये हेलर खटल्यात म्हटलं. 2022 मध्ये ब्रुएन खटल्यात तो हक्क घराबाहेरही मान्य केला. आपली कितीतरी मराठी कुटुंबं तिकडे स्थायिक आहेत. टेक्सासमधल्या एका श्रोत्या बाईंनी मला विचारलं, "सर, मुलगा दर महिन्याला मॅचला जातो. त्यामुळे आमचं घर जास्त सुरक्षित आहे, असं त्याला वाटतं. ते खरं धरायचं का?" प्रश्न नेमका आहे, तेव्हा उत्तरही नेमकं द्यायला हवं.

आधी स्पर्धा म्हणजे कोणती स्पर्धा, ते ठरवू. आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे आठवतो. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये त्याने कांस्य मिळवलं. तो खेळ शांततेचा आहे. लक्ष्य जागचं हलत नाही, अंगात जाड जॅकेट असतं, श्वास आवरून गोळी सोडायची. कुसाळे दरोडेखोरांशी लढायला तयार झाला आहे, असं कुणी म्हणत नाही, तोही म्हणत नाही. म्हणून तो खेळ आपल्या टीकेचा विषय नाही.

आपला विषय आहे 'प्रॅक्टिकल शूटिंग'. याचे जनक जेफ कूपर, अमेरिकन मरीन दलातले निवृत्त लेफ्टनंट कर्नल. 1950 च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर इथे त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी पिस्तुलाच्या चुरशी सुरू केल्या. एका जागी उभं राहून, एक हात कमरेवर ठेवून गोल ठिपक्यावर नेम धरणं त्यांना निरुपयोगी वाटत होतं. खऱ्या चकमकीत उपयोगी पडेल ते शोधायचं, आणि चुरस लावून शोधायचं, ही त्यांची कल्पना. दोन हातांनी पिस्तूल धरून, डोळ्यासमोर आणून झाडण्याची जी पद्धत आज जगभर दिसते, ती रुजवण्यात या चुरशींचा मोठा वाटा आहे. 1976 मध्ये मिसुरी राज्यातल्या कोलंबिया इथे 'आयपीएससी' ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. कूपर तिचे पहिले अध्यक्ष. ब्रीदवाक्यात तीन लॅटिन शब्द : अचूकता, ताकद, वेग.

म्हणजे इथे खेळ आधी आणि उपयोग मागाहून चिकटवलेला, असं झालेलं नाही. हा खेळ जन्मलाच तयारीसाठी. म्हणून दाव्याला हसण्यावारी नेऊन चालणार नाही.

आता प्रत्यक्ष स्पर्धेत काय होतं ते बघा. एक मैदान, त्यावर खोट्या भिंती, दारं, खिडक्या, पिंपं. मध्ये मध्ये पुठ्ठ्याची आणि लोखंडाची लक्ष्यं. स्पर्धकाला आधी काही मिनिटं हिंडून सगळं बघता येतं. कुठून किती गोळ्या झाडायच्या, मॅगझिन कुठे बदलायचं, पाऊल कुठे टाकायचं, हे तो मनात घोकतो. मग पंच विचारतो, तयार? नंतर टायमरची बीप वाजते. होल्स्टरमधून पिस्तूल निघतं, पुढचे दहा-वीस सेकंद तो धावतो, वळतो, झाडतो. बघणाऱ्याचा श्वास थांबावा असं कसब असतं. शेवटी हिशेब. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद. या भागाकाराला 'हिट फॅक्टर' म्हणतात. ज्याचा भागाकार मोठा, तो पुढे.

यातून माणसाला काय मिळतं, ते आधी प्रामाणिकपणे मोजू. हत्यार हाताळण्याचा सराव मिळतो. चार लोक बघत असताना, घड्याळ चालू असताना हात चालतात की नाही, हे कळतं. पिस्तूल अडकलं तर ते मोकळं करायला विचार करावा लागत नाही. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी 1983 मध्ये एक लेख लिहिला. सात यार्डांवरचा माणूस सुमारे दीड सेकंदात अंगावर येऊन पोचतो, हे त्यांनी प्रयोगाने दाखवलं होतं. दीड सेकंदात ज्याला पिस्तूल बाहेर काढता येत नाही, त्याने ते कमरेला लावण्यात काय अर्थ? या एका बाबतीत स्पर्धक बाकीच्यांच्या कितीतरी पुढे असतो, हे मान्य करायला हवं.

गिल्बर्ट राईल यांनी 1949 च्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात नेमबाजाचंच उदाहरण घेतलं आहे. एक गोळी लक्ष्याच्या मध्यावर लागली, तर ते कसब की नशीब? एका गोळीवरून सांगता येत नाही. त्याच्या पुढच्या गोळ्या बघाव्या लागतात, वाऱ्याचा आणि अंतराचा तो कसा विचार करतो ते बघावं लागतं. स्पर्धा हे काम चोख करते. नशीब चाळून टाकते, कसब शिल्लक ठेवते. पण राईल यांनी आणखी एक भेद केला आहे, आणि तो आज आपल्याला जास्त उपयोगी आहे. घोटून अंगवळणी पडलेली सवय वेगळी आणि शिक्षणातून आलेली समज वेगळी. सवयीत विचार लागू नये, अशीच अपेक्षा असते. समज असलेला माणूस मात्र प्रत्येक नव्या प्रसंगी थोडा वेगळा वागतो. आपला प्रश्न हा की स्पर्धा यांतलं काय देते?

मी म्हणतो, सवय देते. आणि ती ज्या चौकटीत देते, तिच्यात सगळ्यात मोठा प्रश्न आधीच सुटलेला असतो.

बीप वाजली, याचा अर्थ काय? 'झाड' असा. झाडावं की नाही, हा प्रश्न स्पर्धकाला कधी पडतच नाही. तो संयोजकाने कागदावर सोडवून ठेवला आहे. खऱ्या हल्ल्यात बीप वाजत नाही. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात कुणीतरी हलतं. तो चोर आहे, शेजारचा दारू प्यालेला माणूस आहे, की अचानक घरी आलेला आपलाच मुलगा? त्या क्षणी हात किती वेगवान आहे, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, हात उचलायचा का?

इथे जाणकार श्रोता मला अडवेल. तो म्हणेल, सर, स्पर्धेत 'नो-शूट' लक्ष्यंही असतात. ज्यांच्यावर गोळी झाडायची नाही, अशी. बरोबर आहे. पण ती वेगळ्या रंगाची किंवा खूण केलेली असतात आणि कुठे उभी आहेत ते फेरीआधीच बघून घेतलेलं असतं. आयुष्यात निरपराध माणूस अंगावर खूण लावून येत नाही.

आणि त्याहून महत्त्वाचं, हिशेब बघा. आयपीएससीच्या नियमांत नो-शूटला गोळी लागली तर दहा गुण वजा. समजा, एका फेरीत चांगल्या स्पर्धकाने 100 गुण 12.5 सेकंदांत मिळवले. हिट फॅक्टर आला 8. दुसऱ्याने घाई केली, गोळी नो-शूटला लागली, दहा गुण गेले, राहिले 90. पण तो 11.25 सेकंदांत संपवू शकला, तर त्याचाही भागाकार 8. दोघे बरोबरीत! म्हणजे या फेरीत निरपराध माणसाच्या अंगातल्या गोळीची किंमत किती? सव्वा सेकंद. लवकर संपवलं की ती भरून निघते.

खेळ म्हणून यात काही गैर नाही. पुठ्ठा मरत नाही. आणि हेच संयोजक खऱ्या माणसांच्या बाबतीत किती कडक असतात बघा. पिस्तुलाची नळी ठरवून दिलेल्या कोनाबाहेर गेली की स्पर्धक बाद. गुण वजा नाहीत, दुसरी संधी नाही, सामान उचला आणि बाजूला व्हा. पुठ्ठ्याचा माणूस आणि मागे उभा असलेला माणूस, यांतला फरक खेळाला पक्का कळतो. मागच्या माणसाच्या जिवाचा हिशेब भागाकारात बसत नाही, हेही कळतं. पण आपल्याला भान हवं की वर्षानुवर्षं, हजारो फेऱ्यांत, हाताला जे वळण लागतं ते पहिल्या हिशेबाचं असतं, जिथे चूक पुसता येते.

कूपर यांना याची कल्पना नव्हती का? होती. त्यांच्या शिकवणीत तीन अंगं होती : मनाची तयारी, हत्यार हाताळणं, आणि नेम. मनाच्या तयारीला ते पहिला मान देत. स्पर्धा मात्र उरलेल्या दोनच अंगांचं माप घेते. जे मोजता येतं ते वाढतं, जे मोजता येत नाही ते मागे पडतं. पुढे तेच झालं. स्पर्धेसाठी खास पिस्तुलं आली, झटका कमी करणारे भाग आणि लाल ठिपक्याची दुर्बीण लावलेली, कमरेला लावून बाजारात जाता येणार नाही अशी. त्याला कंटाळून काही मंडळींनी 1996 मध्ये 'आयडीपीए' ही वेगळी संघटना काढली. तिथे रोजच्या वापराचं पिस्तूल, ते झाकणारा कपडा, आडोशामागून झाडण्याचा नियम. बऱ्याच फेऱ्यांना एक गोष्टही जोडलेली : तुम्ही बँकेत उभे आहात, दरोडेखोर आत येतात, वगैरे. सुधारणा चांगली आहे. पण ती गोष्ट तुमच्यासाठी कुणीतरी आधी लिहून ठेवली आहे, आणि तिच्या शेवटी गोळी झाडायचीच आहे. पळून जाणाऱ्याला, हात वर करणाऱ्याला, पोलिसांना फोन लावणाऱ्याला तिथे गुण नाहीत.

कूपर यांच्यावरही माझा एक आक्षेप आहे. 1972 च्या 'प्रिन्सिपल्स ऑफ पर्सनल डिफेन्स' या छोट्या पुस्तकात त्यांनी सात तत्त्वं सांगितली : सावधपणा, निर्णायकता, आक्रमकता, वेग, थंड डोकं, निर्दयता, आणि अनपेक्षित प्रतिकार. लढाईत उतरलेल्या माणसाला ही यादी उपयोगी आहे. पण तिच्यात संयम नावाचं स्वतंत्र तत्त्व नाही. पुस्तकाचं नाव स्वसंरक्षण, आणि यादी मात्र लढाई जिंकण्याची.

कायद्याचा विचार याहून वेगळा आहे. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेची 34 ते 44 ही कलमं खासगी बचावाच्या हक्काची. 1 जुलै 2024 पासून ती लागू झाली, पण गाभा जुन्या दंड संहितेच्या 96 ते 106 कलमांचाच. बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. अमेरिकेत राज्याराज्यांत फरक आहेत. माघार घेणं शक्य असताना घ्यायला हवी का, यावर तिथे मोठा वाद आहे. पण धोका खरोखर समोर होता का, बळ त्याच्या प्रमाणात होतं का, हे प्रश्न तिथेही विचारतात. न्यायमूर्ती होम्स यांनी 1921 मध्ये एका निकालात म्हटलं होतं की उगारलेल्या सुरीसमोर उभ्या असलेल्या माणसाकडून शांत चिंतनाची अपेक्षा करता येत नाही. अगदी खरं. पण त्यातून निघतं काय? चिंतनाला त्या क्षणी सवड नाही, म्हणून ते आधीच करून ठेवायला हवं. आणि मॅचच्या दिवशी ते होत नाही.

आता दोन घटना सांगतो.

पहिली, 29 डिसेंबर 2019, टेक्सासमधलं व्हाइट सेटलमेंट. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना एकाने शॉटगन काढली. सुरक्षेचं काम करणारा एक सभासद पिस्तूल काढू लागला, तो मारला गेला. आणखी एक जण मारला गेला. दुसऱ्या एका स्वयंसेवकाने, जो अनुभवी नेमबाजी शिक्षक होता, एकच गोळी झाडली आणि हल्लेखोर पडला. सगळं मिळून सहा सेकंद. इथे कसबाने माणसं वाचवली, हे टीकाकाराने मोकळेपणाने सांगायला हवं. पण त्या शिक्षकाने नंतर काय सांगितलं, तेही ऐका. मध्ये लोक हलत होते, म्हणून त्याला क्षणभर थांबावं लागलं. ते थांबणं हा त्या सहा सेकंदांतला सगळ्यात मोठा गुण होता. हिट फॅक्टरच्या हिशेबात तेवढा वेळ वाया गेला असता.

दुसरी, 21 जून 2021, कोलोरॅडोतलं आर्व्हाडा. एका बंदूकधाऱ्याने पोलीस अधिकाऱ्याला ठार केलं. जवळच्या दुकानातला एक नागरिक पिस्तूल घेऊन बाहेर आला आणि त्याने त्या हल्लेखोराला गोळ्या घातल्या. नेम बरोबर, धैर्य बरोबर, निर्णयही बरोबर. मग त्याने हल्लेखोराची रायफल हातात घेतली. तेवढ्यात आलेल्या दुसऱ्या पोलिसाला रायफलधारी माणूस दिसला आणि त्याने त्या नागरिकालाच गोळी घातली. तो मेला. स्पर्धेत शेवटच्या गोळीपाशी टायमर थांबतो. पंच पिस्तूल रिकामं करून घेतो. तिथे 'नंतर' नावाचं काही नसतं. या बिचाऱ्याचा जीव त्या 'नंतर'मध्येच गेला.

मात्र टीका करतानाही जपून बोलायला हवं, कारण या बाजूलाही सोयीच्या दंतकथा आहेत. 1970 मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूहॉल इथे महामार्ग पोलिसांचे चार जण एका चकमकीत मारले गेले. त्यांतल्या एकाच्या खिशात रिकाम्या पुंगळ्या सापडल्या, कारण रेंजवर पुंगळ्या गोळा करायची त्याला सवय लागली होती, अशी गोष्ट प्रशिक्षणवर्गांत कित्येक वर्षं सांगितली गेली. फार बोधप्रद गोष्ट आहे. पण पुढे पुरावे नीट तपासले गेले, तेव्हा ती त्यांच्याशी जुळेना. बोध आवडला म्हणून गोष्ट खरी होत नाही. स्पर्धेमुळे माणूस मरतो, असं मी म्हणत नाही. स्पर्धा पुरेशी तयारी आहे, हा दावा मला अमान्य आहे.

आपल्या परंपरेत यासाठी एक उत्तम जोडी आहे. द्रोणाचार्यांची परीक्षा सगळ्यांना पाठ आहे. झाडावर कृत्रिम पक्षी. इतरांना झाड दिसतं, फांद्या दिसतात, गुरुजी दिसतात. अर्जुनाला फक्त डोळा. आपण मुलांना ही गोष्ट एकाग्रतेसाठी सांगतो, ठीकच आहे. पण स्वयंपाकघरातल्या त्या अंधारात ज्याला फक्त डोळा दिसतो तो माणूस घातक आहे. तिथे झाड, फांद्या, मागची भिंत, भिंतीपलीकडे झोपलेलं पोर, सगळं दिसायला हवं. आणि हाच अर्जुन कुरुक्षेत्रावर दोन सैन्यांच्या मध्ये उभा राहतो, तेव्हा त्याला काय दिसतं? आजोबा, गुरू, मामा, भाऊ. गांडीव हातातून सुटतं. कृष्णाचं उत्तर तुम्हाला पटो वा न पटो, पण एवढं बघा : द्रोणांच्या परीक्षेने त्याला या प्रश्नासाठी तयार केलं नव्हतं. नेमाच्या परीक्षेला एक क्षण पुरला. 'मारावं का' या प्रश्नाला अठरा अध्याय लागले.

ॲरिस्टॉटलनेही नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागात सावध केलं आहे. धंदेवाईक सैनिक अनुभवामुळे शूर दिसतात. शस्त्र त्यांच्या हातात बसलेलं असतं, कुठली भीती पोकळ आहे ते त्यांना ठाऊक असतं. पण संकट त्यांच्या हिशेबापलीकडे गेलं की तेच आधी पळतात. कसबावर उभा असलेला आत्मविश्वास कसबाच्या चौकटीपुरताच टिकतो. 1986 मध्ये मायामीत एफबीआयच्या आठ जणांनी दोन दरोडेखोरांना गाठलं, तेव्हा गाड्यांच्या धडकेत एकाचा चष्मा पडला, दुसऱ्याचं रिव्हॉल्वर हातचं गेलं. ती माणसं पळाली नाहीत, लढली. पण दोन जण मारले गेले, पाच जखमी झाले. चौकट मोडली की काय होतं, ते सांगण्यासाठी हे उदाहरण.

मग त्या टेक्सासच्या बाईंना काय सांगायचं?

मुलाला मॅचला जाऊ द्या. खेळ चांगला आहे, शिस्त लावतो, आणि पिस्तूल घरात असेल तर ते हाताळता येणारा माणूस न येणाऱ्यापेक्षा बरा. पण घर सुरक्षित झालं का, हे गुणपत्रकावर बघू नका. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या आहेत. म्हणजे पिस्तूल कुलपात आहे का, किल्ली कुणाकडे आहे, घरात कुणी खचलेलं आहे का, हे प्रश्न होल्स्टरमधून पिस्तूल किती सेकंदांत निघतं याच्या आधीचे आहेत. दाराची कडी, अंगणातला दिवा, हाताशी फोन, हेही आधीचं.

आणि सराव करायचाच, तर असा करावा की ज्यात कधी कधी 'झाडू नको' हेच बरोबर उत्तर असेल, आणि ते आधी माहीत नसेल. असा सराव अस्तित्वात आहे. रंग सोडणाऱ्या खास काडतुसांनी, समोर हाडामांसाची माणसं उभी करून तो करतात. समोरचा ओरडतो, माफी मागतो, खिशात हात घालतो, कधी खिशातून फक्त फोन निघतो. तिथे पहिल्यांदाच माणसाला कळतं की आपण केवढ्या घाईत होतो. राईलच्या भाषेत, सवय संपून समज तिथे सुरू होते.

त्या मुलाला एक प्रश्न आईने जरूर विचारावा. "गेल्या वर्षभरात, पिस्तूल हातात असताना, न झाडण्याचा निर्णय तू किती वेळा घेतलास?" स्पर्धेत तो निर्णय घ्यायची संधीच मिळत नाही, हे त्याचं त्यालाच लक्षात येईल. मग उरलेली तयारी कुठे करायची, हे तो शोधेल.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न आता घेऊ या.